तोडलेल्या वायरीची चिठ्ठी

११ मार्च

खांब्या,

खुशाली विचारत नाही. मी रागात आहे, आणि आपल्या घरात राग आधी, खुशाली नंतर, हाच क्रम पहिल्यापासून आहे.

तू बसवून गेलेला डबा परवा संध्याकाळपासून बंद आहे. म्हणजे दिवा लागतो, रिमोटला ओ देतो, पण पडद्यावर एकच पाटी येते: ‘इंटरनेट उपलब्ध नाही. जोडणी तपासा.’ मी काय तपासू? मी चाळीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतलं. बाही उलटी लागली असेल तर दे, डोळे मिटून उसवून देते. हवेतून येणारी वस्तू कुठे अडकली ते मला कसं दिसायचं?

मला डबा नको, जुना टीव्ही बरा आहे, असं मी तुला तीनदा सांगितलं होतं. कान माझे गेलेत, पण ऐकत तू नाहीस. भिंतीला चार भोकं पाडलीस, मोठा पडदा टांगलास आणि कागदावर लिहून दाखवलंस, “ताई, आता वायर नाही, खांब नाही, कटकट नाही.” जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस म्हातारपणी हवेच्या प्रेमात पडला आणि भोगतेय मी!

मला त्यावर फार काही बघायचं असतं अशातला भाग नाही. कुंड्यांचा एक कार्यक्रम लागतो, तेवढा बघते. पण घरातली एखादी वस्तू बिघडून माझ्या तोंडाकडे बघत बसली की मला सहन होत नाही.

फोनवरून कळव म्हणशील. त्या बटणांच्या फोनवर मला ‘बरं आहे’ एवढंच लिहिता येतं, आणि बरं नाहीये. रागाला जागा लागते. म्हणून पत्र. लगेच उत्तर दे.

ताई

ता. क. पाटीचा रंग निळा आहे. उपयोग असेल तर.

---

१६ मार्च

ताई,

नमस्कार, आणि तुझ्या रागालाही वेगळा नमस्कार. तुझं पत्र दोन दिवस दाराच्या फटीत पडून होतं. मी घरी नव्हतो, एका कामासाठी बाहेरगावी गेलो होतो.

डबा बिघडलेला नाही. नवी वस्तू अशी बिघडत नाही, ती वापरणाऱ्याच्या हातून बिघडते. पुस्तकाएवढी, दोन शिंगांची जी पांढरी पेटी मी खिडकीजवळ ठेवली होती, तो राउटर. तुला त्याचे लुकलुकणारे दिवे आवडत नव्हते, तेव्हा तू तो लोखंडी कपाटामागे ढकलला असणार. खरं की नाही? लोखंडातून वाय-फाय जात नाही. आधी तो बाहेर काढ, उंचावर ठेव. मग त्याचा प्लग काढ, शंभर आकडे मोज, परत लाव. मनात भरभर नाही, सावकाश. दिवे स्थिर झाले की डब्याचंही तसंच कर.

आणि प्लग काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध, कुठली कशाची. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी हाच धडा मिळायचा. चिठ्ठी बांधल्याशिवाय वायर तोडायची नाही. कोणी तोडली, कोणत्या तारखेला, कशासाठी. आणि ज्याने चिठ्ठी बांधली त्यानेच ती सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. एकाने एकदा आळस केला तर अख्खा दवाखाना दीड दिवस मुका होऊन बसला होता. तेव्हापासून मी घरातला बल्ब काढला तरी चिठ्ठी चिकटवतो. बायको हयात असताना हसायची.

घाई करू नकोस. तुझ्या कुंड्या कुठे पळून जात नाहीत.

खांब्या

---

२० मार्च

खांब्या,

राउटर कपाटामागेच होता. झालं समाधान? काढला. शिवणाच्या मशिनवर ठेवला. तिथून डब्यापर्यंत टेपने मोजलं, सतरा फूट चार इंच, मध्ये फक्त एक वेताची खुर्ची. वेतातून जातं ना तुझं वाय-फाय, की त्यालाही त्याचा मान लागतो?

शंभर आकडे मोजले. प्लगांना चिठ्ठ्या बांधल्या, जुन्या मापांच्या, मागच्या बाजूला लिहून. आता राउटरच्या गळ्यात ‘कंबर तीस’ अशी पाटी लटकते आहे. दिवे स्थिर झाले. पडद्यावर पुन्हा तीच निळी पाटी.

मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बोलावलं. त्यांनी माझ्या वाय-फायचा पासवर्ड आपल्या फोनवर घातला, आणि त्यांच्या फोनवर सगळं धडाधड चालू! त्या माझ्या वहीत लिहितात, “इंटरनेट तर छान आहे हो.” म्हणजे घरात इंटरनेट आहे, ते शेजारणीला मिळतं, मलाच मिळत नाही. पंगतीत बसवायचं आणि नेमकं आपल्या पानाला वाढायचं नाही, तसला प्रकार. त्या म्हणाल्या, तुमचा कार्यक्रम माझ्या फोनवर बघा. मी नको म्हटलं. मला कोणाच्या समोर बसून बघायचं नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, “घाई करू नकोस.” तू कोण रे मला घाई करू नको सांगणारा? अकरा दिवस झाले. रोज पाच वाजले की मी त्या काळ्या पडद्यासमोर बसते आणि त्यात माझंच तोंड दिसतं. ते मला मुळीच बघायचं नाहीये.

चार ओळींत नेमका उपाय कळव. खात्याच्या गोष्टी नकोत.

ताई

---

२४ मार्च

ताई,

उपाय कळवतो. डब्याच्या सेटिंगमध्ये जा, ‘नेटवर्क’वर थांब. तुझ्या वाय-फायचं नाव दिसेल. त्यावर दाबून ‘विसरा’ म्हण. मग तेच नाव नव्याने निवड आणि पासवर्ड पुन्हा भर. रिमोटने एकेक अक्षर टिपायचं, लहान-मोठं सांभाळून. एक चुकलं की सगळं मुसळ केरात. नाहीच जमलं तर डब्याची तारीख-वेळ तपास. तेही नाही, तर सॉफ्टवेअर जुनं झालं असेल. मग माझ्याशिवाय होणार नाही. मी पुढच्या महिन्यात येतो.

कंपनीचा माणूस बोलावू नकोस. ते येतात, काही न बघता सगळं पुसून टाकतात आणि सही घेऊन जातात.

आणि तोंड कशाला पाडतेस? एक महिना डबा नसला तर आभाळ कोसळत नाही. बातम्याच हव्या असतील तर पेपर घे. डोळे शाबूत आहेत तुझे.

खांब्या

---

२८ मार्च

खांब्या,

हे पत्र उभ्याने वाच. बसून वाचण्याची तुझी लायकी नाही.

‘विसरा’ म्हटलं, डबा विसरला. पासवर्ड सतरा अक्षरांचा ठेवलास, तोही दोनदा भरला. डब्यातली तारीख माझ्या कॅलेंडरपेक्षा बरोबर होती. मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. मी तुला कुंड्या लिहिल्या होत्या, खांब्या. बातम्या हा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही. तुला बातम्या कुठून कळल्या?

काल कंपनीचा माणूस बोलावला. पन्नाशीचे गृहस्थ, गुडघा दुखरा, जिना चढून आले तर बिचारे आधी पाच मिनिटं खुर्चीत बसले. त्यांनी काही पुसलं नाही. लॅपटॉप उघडला, राउटरच्या आत शिरले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी पडदाच माझ्या दिशेने फिरवला. ‘बंदी घातलेली उपकरणं’ अशी यादी होती. यादीत एकच नाव. मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

‘ताईचा डबा. तोडला ९ मार्च. खांब्या.’

चिठ्ठी! तू चिठ्ठी बांधलीस! चोरी करतानाही हात आवरला नाही तुझा. आपल्या गावात बसून, फोनवरून, माझ्या घरातली जोडणी तोडलीस, तिला चिठ्ठी बांधलीस, आणि मला शंभर आकडे मोजायला लावलेस! सावकाश मोज म्हणे! मी मोजले रे. मी गाढवासारखी शिवणाच्या मशिनसमोर उभी राहून मोजले.

गृहस्थांनी बंदी उठवली. डबा चालू झाला. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

आता ऐक. होय, मी बातम्या बघते. दोन वर्षं एक दिवस चुकला नाही. पाचच्या बातम्या, आणि त्यातलं खालच्या कोपऱ्यातलं गोल, ज्यात माझी लेक उभी राहून ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांनी बातम्या सांगते. माझी बारकी. जी माझ्याशी बोलत नाही, माझी पत्रं परत पाठवते, ती रोज दहा मिनिटं माझ्याकडे बघून बोलते. दुसरं काही नाही माझ्याकडे. तेवढं होतं, ते तू तोडलंस.

काल त्या गोलात चौकडीच्या शर्टातली कोणी भलतीच बाई होती. आजही तीच.

बारकी कुठे आहे? एका शब्दात उत्तर दे. गोष्ट सांगू नकोस.

ताई

---

३० मार्च, कुरिअरने

ताई,

एका शब्दात सांगता येत नाही. जिवंत आहे, हे आधी लिहितो.

आठ मार्चला बातम्या आटोपून निघताना स्टुडिओच्या जिन्यावरून पडली. उजवं मनगट चुरलं. नऊला ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली आहे. ते ‘बाहेरगावचं काम’ म्हणजे हेच, सहा दिवस मी तिच्याजवळ होतो. आता तिची एक सहकारी तिच्या घरी राहते आहे. हात प्लास्टरमध्ये आहे. अनामिका आणि करंगळीला स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. किती येईल ते सांगत नाहीत. हात हेच तिचं तोंड, तिची भाकरी, सगळं. मी आणखी काय लिहू?

तू बातम्या बघतेस हे मला डबा बसवला त्याच्या पुढच्याच भेटीत कळलं. ‘पुन्हा पाहा’च्या यादीत ओळीने पाचच्या बातम्या होत्या, कुंडी एक नव्हती. बोललो नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलो होतो, पाच वाजत आले होते, आणि मला दिसलं की आता तू समोर बसशील आणि गोलात ती नसेल. दोन वर्षांत न चुकलेली. फोन लावला तर तुला ऐकू येणार नाही. तू एकटी. म्हणून तोडलं. ती पुन्हा उभी राहीपर्यंत तुला राउटरशी भांडत ठेवावं असं ठरवलं. तू भांडताना बरी असतेस.

चुकलं माझं. पण ताई, नुसती माझीच चूक मोजू नकोस. आता मीही रागावणार आहे.

मी तिला म्हटलं होतं, आईला कळवतो. ती काय म्हणाली, ऐकायचंय? “नको मामा. तिला बरंच वाटेल. हातवारे बंद झाले एकदाचे.” शुद्धीवर येऊन दोन तास झाले नव्हते, तेव्हाचं वाक्य आहे हे.

तुझ्या निरोपसमारंभाला मी दुसऱ्या रांगेत होतो. यंत्रांच्या गोंगाटाने तुझे कान गेले, लोक स्टेजवरून तुझं कौतुक करत होते आणि तुला एक अक्षर कळत नव्हतं. पोर तुझ्यासाठी वर्षभर ती भाषा शिकून आली होती. तुझ्यासमोर उभी राहून एकेक वाक्य हातांनी सांगायला लागली. आणि तू सगळ्या कारखान्यासमोर तिचे दोन्ही हात धरलेस आणि खाली दाबलेस. “मी मुकी नाही. माझी शोभा करू नकोस.” मी ऐकलं ते. तिचा चेहरा मी पाहिला, तू पाहिला नाहीस. तू लोकांकडे बघत होतीस.

मी तुझी जोडणी एकोणीस दिवस तोडली. तू तिची तोडलीस त्याला दोन वर्षं झाली, आणि चिठ्ठीही बांधली नाहीस.

पत्ता मागे लिहिला आहे. तिने देऊ नको म्हटलं होतं.

खांब्या

---

३ एप्रिल

खांब्या,

तुझं पत्र तीन दिवस स्वयंपाकघरात पडलं आहे. त्याच्याशी भांडून झालं. तुझ्या प्रत्येक ओळीला उत्तर तयार केलं होतं, चांगली आठ पानं. फाडली.

मला लाज वाटत होती, रे. त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या हाताखालच्या सत्तर बायका होत्या, आणि त्यांना कळणार होतं की कटिंग-मास्तरणीला ऐकू येत नाही. त्यांना आधीच ठाऊक होतं म्हणे. मास्तरीणबाईंची बहीण त्यांच्यातलीच, तिने परवा वहीत लिहून सांगितलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मग मी तिचे हात कशासाठी दाबले?

“तिला बरंच वाटेल.” हे वाक्य तू लिहायला नको होतंस. तुला मी त्याबद्दल माफ करणार नाही. पण तू लिहिलंस ते बरं केलंस.

तुमच्या खात्याचा नियम आहे ना, ज्याने चिठ्ठी बांधली त्यानेच सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही? मी चिठ्ठी बांधली नव्हती, पण तोडलं मीच. मग तू मध्ये पडू नकोस. तिला कळवू नकोस. मी उद्या सकाळच्या बसने निघते आहे.

ताई

---

१५ एप्रिल

ताई,

अकरा दिवस झाले. तू पोचलीस का? बारकी माझा फोन उचलत नाही. तिच्या त्या सहकारी बाईंना विचारलं तर ती नुसतं “तुम्ही नका काळजी करू” म्हणते. हे काय उत्तर झालं? दोघींनी मिळून मला वाळीत टाकलं आहे का? मी तिच्यापाशी सहा दिवस बसलो, पत्ता मी दिला, शिव्या मी खाल्ल्या, आणि आता मलाच कोणी काही सांगत नाही!

तिने तुला घरात घेतलं की नाही, एवढं तरी कळव. तुला माहीत नसेल तर सांगतो, मी दिवसातून चारदा टपालपेटी उघडतो.

खांब्या

---

१९ एप्रिल

खांब्या,

आता कळलं, उत्तराची वाट बघत बसणं काय असतं? मला एकोणीस दिवस लागले, तू पत्र लिहिलंस तेव्हा तुझे अकराच झाले होते. अजून आठ बाकी होते, पण बारकी म्हणाली लिही, म्हणून लिहिते आहे. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो मी माझ्या सवडीने काढीन.

आधी हाताचं. प्लास्टर अजून आहे. परवा डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक लावून बघितलं, करंगळीला कळलं. अनामिकेला अजून नाही. ती रोज बोटांचे व्यायाम करते आणि रोज चिडते. चिडली की अगदी माझ्यासारखी दिसते, ते बघून मला बरं वाटत नाही. स्टुडिओने तिची जागा पावसाळ्यापर्यंत राखून ठेवली आहे. पुढचं कोणालाच माहीत नाही. मी इथेच आहे. तुझा डबा तिकडे धूळ खाऊ दे.

आता तुला जे हवंय ते सांगते.

दार तिनेच उघडलं. उजवा हात गळ्यात, केस विंचरलेले नाहीत. मला बघून ती बाजूला झाली नाही. दारातच उभी राहिली. तोंडाने काही बोलली असेल तर मला कळलं नाही, मी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. मी पिशवी खाली ठेवली.

खांब्या, दोन वर्षं मी बातम्या नुसत्या बघत नव्हते. पडद्याखालची पट्टी वाचायची, तिचे हात बघायचे, आणि पडदा बंद झाला की आरशासमोर करून बघायचं. असं करत करत मी शिकले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. पण दारात उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं की माझ्याकडे जे शब्द आहेत ते सगळे बातम्यांचे आहेत. पूर येतो मला, निवडणूक येते, महागाई, मंत्रिमंडळ, रस्ता खचला, सगळं येतं. ‘बाळा’ येत नाही. ‘माफ कर’ येत नाही. बातम्यांत कोणी माफी मागतं का कधी?

मग जे होतं त्यातूनच बेतलं. कापड अपुरं असलं की जसं बेततात तसं. “अपघात. दोन वर्षांपूर्वी. जबाबदार, मी. चौकशी पूर्ण.”

तोंड वाकडं झालं तिचं, मला कळेना रडते की हसते. मला आणखी काही सुचेना, म्हणून शेवटचा होता तोही शब्द वापरला. “राजीनामा.”

तिने डावा हात वर केला. मग थांबली. ती खूण दोन हातांची आहे आणि तिचा दुसरा हात गळ्यात अडकलेला. तिने माझा उजवा हात धरला, बोटं सरळ केली, अंगठा चुकीचा होता तो आत दुमडला, आणि आपल्या डाव्या हातावर आडवा ठेवला.

ती खूण मी बातम्यांत शंभरदा पाहिली आहे. नामंजूर.

मग ती पिशवी उचलायला वाकली, तर मी ओरडले, त्या हाताने नको! आणि आमचं पहिलं भांडण दारातच झालं.

ताई